पॅच ‘लावला’ आणि पॅच ‘लागला’

प्रश्न एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभाग सांभाळणाऱ्या ताईंचा आहे. मुख्य कचेरीत दोन डीएनएस रिझॉल्व्हर आहेत, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर, आणि त्यांवर बाइंड हे सॉफ्टवेअर चालतं. आवृत्ती जुनी, म्हणून ऑडिटरने अहवालात लाल शेरा मारलाय. व्हेंडर म्हणतो, सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये आहेत, पुढे फायरवॉल आहे, घाई कशाला? साहेब म्हणतात, ३१ मार्चचं क्लोजिंग उरकेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ताईंनी दोन गोष्टी विचारल्यात. पॅच (चुकीची दुरुस्ती असलेली नवी आवृत्ती) लावायला थांबलं तर चालेल का? आणि डीएनएसमधल्या या चुका एकदाच काय त्या दुरुस्त का होत नाहीत, दरवर्षी नवं काहीतरी कसं निघतं?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: थांबू नका. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, पण ते नीट समजलं की साहेबांना पटवणं तुम्हाला सोपं जाईल, म्हणून सविस्तर लिहितो. त्यासाठी जुलै २००८ मध्ये जावं लागेल. मी तेव्हा पुण्यात एका लहानशा इंटरनेट सेवादाराकडे होतो, आणि पॅच म्हणजे नेमकं काय हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

आधी रिझॉल्व्हर काय करतो ते. तुमच्या शाखेतल्या कुणी ब्राउझरमध्ये एखादं नाव टाकलं की त्याचा संगणक रिझॉल्व्हरला विचारतो, या नावाचा पत्ता काय? रिझॉल्व्हर वरपासून विचारत जातो, आधी रूट म्हणजे सगळ्यांत वरचे सर्व्हर, मग ‘इन’ किंवा ‘कॉम’ सांभाळणारे, मग त्या डोमेनचा स्वतःचा सर्व्हर. मिळालेलं उत्तर तो काही काळ आपल्याजवळ जपून ठेवतो. किती काळ, ते उत्तरातच लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. पुढच्या माणसाने तेच विचारलं तर पुन्हा बाहेर जायचं कारण नाही. हा जपून ठेवलेला साठा म्हणजे कॅशे.

पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था १९८३ मध्ये मांडली. तेव्हाचं जाळं लहान होतं, त्यावरची माणसं एकमेकांना ओळखत होती. प्रश्न यूडीपीने जातो, म्हणजे आधी जोडणी न करता नुसतं पाकीट पाठवायच्या साध्या पद्धतीने. त्यावर १६ बिटांचा एक नंबर असतो, म्हणजे ० ते ६५,५३५ यांतला कोणताही. उत्तरावर तोच नंबर असला आणि ते योग्य सर्व्हरकडून आल्यासारखं दिसलं, की रिझॉल्व्हर ते खरं मानतो. अडचण अशी की यूडीपीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणालाही खोटा लिहिता येतो. म्हणजे खऱ्या सर्व्हरचं उत्तर यायच्या आत कुणी त्याच्या नावाने खोटी उत्तरं पाठवली आणि त्यांतल्या एकावरचा नंबर जुळला, तर खोटं उत्तर कॅशेत जाऊन बसतं. मागून आलेलं खरं उत्तर रिझॉल्व्हर टाकून देतो.

हे १९९० च्या दशकापासून जाणकारांना ठाऊक होतं. तरी फारसं कुणी घाबरत नव्हतं, कारण हल्लेखोराला संधी क्वचित मिळायची. खरं उत्तर आधी पोचलं की ते टीटीएल संपेपर्यंत कॅशेत राहणार. टीटीएल एक दिवसाचा असेल तर पुढचा प्रयत्न उद्या. रोज एक डाव आणि त्यात जिंकण्याची शक्यता नगण्य. अशा हिशेबावर जग निवांत होतं.

सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी २००८ च्या सुरुवातीला तो हिशेबच मोडून काढला. त्यांनी मूळ नाव विचारलंच नाही. त्याच डोमेनखालची अस्तित्वात नसलेली नावं विचारायची: एक.अमुक-बँक, दोन.अमुक-बँक, तीन.अमुक-बँक. यांतलं कुठलंच कॅशेत नसतं, त्यामुळे प्रत्येक नाव म्हणजे नवा डाव. टीटीएलची वाट बघायची गरज उरत नाही. आणि खोट्या उत्तरात त्या फालतू नावाचा पत्ता द्यायचाच नाही. त्यात लिहायचं, ‘मला माहीत नाही, पण या बँकेच्या नावांचा कारभार अमुक सर्व्हर बघतो आणि त्याचा पत्ता हा’. तो सर्व्हर त्याच डोमेनमधला असल्याने रिझॉल्व्हरला ही जोडमाहिती स्वीकारण्यात गैर काही वाटत नाही. एक डाव जिंकला की सगळं डोमेन हल्लेखोराच्या हातात.

आकडा मांडून बघा. समजा एका डावात शंभर खोटी उत्तरं घुसवता येतात आणि सेकंदाला दहा डाव खेळता येतात. ६५,५३६ शक्यता, सेकंदाला हजार प्रयत्न. सरासरी एक मिनिट आणि वर पाच-सहा सेकंद. पूर्वी जे वर्षानुवर्षं साधलं नसतं ते चहा गाळेपर्यंत साधायला लागलं.

आणि पत्ता खोटा झाला की नुसती वेबसाइट बदलत नाही. मेल त्याच पत्त्यावर जाते. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर येणारी लिंक त्या मेलमधून जाते. वेबसाइटचं प्रमाणपत्र देणारी संस्थासुद्धा डोमेन तुमचंच आहे ना हे मेल पाठवून किंवा डीएनएस बघूनच तपासते. कुलपाचं चिन्ह दिसतंय म्हणजे सगळं ठीक, ही समजूतसुद्धा शेवटी डीएनएसवरच उभी आहे.

कामिन्स्की यांनी बाइंडचं काम अनेक वर्षं पाहिलेल्या पॉल व्हिक्सी यांना सांगितलं. ३१ मार्च २००८ रोजी रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण बसले. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसं त्यात होती. ठरलं असं की सगळ्यांनी एकाच दिवशी पॅच द्यायचा. ८ जुलै २००८ ला तो आला. सुरक्षा-चुकांच्या जागतिक यादीत या चुकीला नंबर मिळाला सीव्हीई-२००८-१४४७. कामिन्स्की यांनी लोकांना विनंती केली की ऑगस्टमधल्या ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत मी सगळं सांगेन, तोवर महिनाभर अंदाज बांधू नका, पॅच लावा.

इथे एक गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. एरवी पॅच आला की हल्लेखोर जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवतो, काय बदललं ते बघतो, आणि भोक कुठे होतं ते त्याला कळतं. पॅच स्वतःच चुगली करतो. या पॅचने केली नाही, कारण त्यात कामिन्स्की यांच्या युक्तीला थेट हात लावलेलाच नव्हता. फक्त प्रश्न पाठवताना रिझॉल्व्हर वापरतो तो सोर्स पोर्टही (प्रश्न सर्व्हरच्या ज्या क्रमांकाच्या दारातून निघतो तो) दर वेळी वेगळा, अंदाज न येणारा केला होता. आता हल्लेखोराला नंबरही ओळखायचा आणि पोर्टही. डॅन बर्नस्टाइन हेच कितीतरी वर्षं आधीपासून सांगत होते आणि त्यांच्या डीजेबीडीएनएस या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये ते होतंही. त्यांचं सॉफ्टवेअर त्या दिवशी निर्धास्त होतं.

गुपित तेरा दिवस टिकलं. २१ जुलैला सुरक्षा संशोधक हाल्वार फ्लेक यांनी जाहीरपणे बांधलेला अंदाज जवळपास बरोबर निघाला, आणि आतली माहिती असलेल्या एका सुरक्षा कंपनीकडून दुजोरा चुकून प्रसिद्ध झाला. दोन-तीन दिवसांत मेटास्प्लॉइट या हल्ल्याच्या साधनांच्या खुल्या संचात तयार हत्यार आलं, कुणालाही चालवता येईल असं. ज्यांनी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हटलं होतं, त्यांचा पुढचा आठवडा असा उजाडला.

आता आमच्याकडची गोष्ट. पॅच आल्यानंतर तिसऱ्या रात्री, पहाटे दोनला, मी आणि माझा सहकारी मशीन रूममध्ये बसलो. बाहेर धो-धो पाऊस. दोन रिझॉल्व्हर, दोन्हींवर नवी आवृत्ती टाकली, सेवा पुन्हा सुरू केली, नावं सुटताहेत, म्हणजे त्यांचे पत्ते मिळताहेत, ते पाहिलं. वीस मिनिटांचं काम. वहीत लिहिलं, ‘पॅच लावला’.

डीएनएस-ओएआरसी या संस्थेने तेव्हा चाचणीसाठी एक खास नाव ठेवलं होतं. आपल्या रिझॉल्व्हरकडून त्याची चौकशी केली की उत्तरात तुमचे सोर्स पोर्ट किती विखुरलेले आहेत ते सांगणारा शब्द यायचा: ‘पुअर’, ‘गुड’ किंवा ‘ग्रेट’. सहज करून पाहिलं. उत्तर आलं ‘पुअर’.

टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावला. बाहेर जाणारा प्रत्येक प्रश्न पोर्ट ५३ वरून. ५३, ५३, ५३. नवी आवृत्ती, आणि वागणं जुनंच. कॉन्फिगरेशन फाइल वरपासून वाचत गेलो तेव्हा एक ओळ सापडली: क्वेरी-सोर्स, आणि पुढे पोर्ट ५३. आमच्या आधीच्या कुणीतरी घातलेली. त्या एका ओळीने पॅच निकामी केला होता. सॉफ्टवेअर पोर्ट बदलायला तयार होतं, आम्हीच त्याला बांधून ठेवलं होतं.

ओळ काढली, सेवा सुरू केली, आणि सगळं ठप्प. एकही नाव सुटेना. दोन मिनिटांत पहिला फोन, एका कॉल सेंटरचा. ती ओळ उगाच नव्हती. जुन्या फायरवॉलमध्ये नियम होता की डीएनएसचा प्रश्न फक्त पोर्ट ५३ वरूनच बाहेर जाईल. तो नियम बदलला, नावं सुटू लागली. टीसीपीडंपमध्ये आता छान दिसत होतं: ४१८७३, ९२१६, ५७००२. हुश्श केलं आणि चाचणी पुन्हा केली.

परत ‘पुअर’.

तासभर काही सुचलं नाही. शेवटी सहकाऱ्याने फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला लॅपटॉप जोडून पाहिलं. तिथे तेच प्रश्न २०४१, २०४२, २०४३ अशा ओळीने निघत होते. फायरवॉल आतल्या खासगी पत्त्याचं बाहेरच्या पत्त्यात रूपांतर करताना, म्हणजे नॅट करताना, पोर्टही आपल्या मर्जीने बदलत होता, आणि त्याची मर्जी एकामागून एक नंबर देण्याची होती. सर्व्हर निष्ठेने पोर्ट विखरून देत होता आणि दारातला पहारेकरी ते पुन्हा ओळीने लावत होता. दुसऱ्या रात्री दोन्ही रिझॉल्व्हर नॅटमधून काढून थेट सार्वजनिक पत्त्यावर घेतले, वर वेगळे नियम घातले. तेव्हा कुठे ‘ग्रेट’ आलं.

त्या दिवसापासून मी ‘पॅच लावला’ आणि ‘पॅच लागला’ असे दोन वेगळे रकाने ठेवतो. लावला ही आपली कृती. लागला हे बाहेरून दिसतं तेव्हाच खरं. ताई, तुमच्या ऑडिटरच्या अहवालात बहुधा पहिलाच रकाना असेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकदाच दुरुस्ती का होत नाही. कारण २००८ च्या पॅचने भोक बुजवलं नाही, बारीक केलं. १६ बिटांचा नंबर आणि सुमारे ६४,००० पोर्ट यांचा गुणाकार होतो ४१९ कोटी. मघाच्या सेकंदाला हजार प्रयत्नांच्या वेगाने ४८ दिवस. विंडोजच्या डीएनएस सर्व्हरने तेव्हा २,५०० पोर्टच राखून ठेवले, तिथे आकडा १६ कोटींच्या आसपास. पण ऑगस्ट २००८ मध्येच एव्हगेनी पोल्याकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने पॅच केलेल्या बाइंडला खोटं उत्तर गिळायला लावलं. गिगाबिटच्या जोडणीवर, सुमारे दहा तासांत. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिका आणि चीनमधल्या संशोधकांनी ‘सॅड डीएनएस’ दाखवलं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सेकंदाला ठरावीक इतकेच आयसीएमपी त्रुटी-संदेश (‘हा पोर्ट बंद आहे’ अशा सूचना) पाठवते, त्या मर्यादेवरून कुठला पोर्ट उघडा आहे ते ताडता येत होतं. पोर्ट कळला की आपण पुन्हा २००८ च्या आधी. ती चूक डीएनएसच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच, ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होती.

मुळातला उपाय म्हणजे उत्तरावर सही, डीएनएससेक. १५ जुलै २०१० ला रूटवर सह्या सुरू झाल्या. मी त्याचा पक्का पुरस्कर्ता आहे. पण तोही आपल्या चुका घेऊन येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘कीट्रॅप’ बाहेर आलं: जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की सह्या तपासणाऱ्या रिझॉल्व्हरला एकाच कारस्थानी उत्तराने इतकं कामाला लावता येतं की तो बाकी कुणाला उत्तरच देत नाही, बाइंड तर सोळा तासांपर्यंत अडकून पडत होता. रिझॉल्व्हरांनी केलं ते मानकाने सांगितल्याप्रमाणेच, म्हणजे खोट मानकातच होती. पॅच काय? एका उत्तरासाठी किती कष्ट करायचे याला मर्यादा.

मुंबईच्या लोकलला रविवारी मेगाब्लॉक घेता येतो. डीएनएसला घेता येत नाही. गाडी धावत असताना रूळ बदलायचे आहेत, आणि रूळ कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. म्हणून तुकड्या-तुकड्याने पॅच येत राहतात, आणि तेवढा प्रत्येक तुकडा महत्त्वाचा असतो.

आता व्हेंडरचं म्हणणं: सर्व्हर आत आहेत. कामिन्स्की यांच्या हल्ल्यात हल्लेखोराला तुमच्या सर्व्हरशी बोलावंच लागत नाही, फक्त त्याला प्रश्न विचारायला लावावं लागतं. कुठल्याशा शाखेतल्या क्लार्कने एक पान उघडलं, त्यात शंभर चित्रांचे दुवे, प्रत्येक वेगळ्या नावाचा. झाले शंभर प्रश्न. तेही नको, तुमचा मेल सर्व्हर आलेल्या प्रत्येक मेलच्या डोमेनची चौकशी करतोच. जुलै २०२० मध्ये विंडोजच्या डीएनएस सर्व्हरमध्ये ‘सिगरेड’ निघालं, सतरा वर्षं जुनी चूक, गंभीरता दहापैकी दहा. त्यातही आतल्या सर्व्हरने हल्लेखोराच्या डोमेनबद्दल विचारलं की पुरत होतं. फायरवॉल प्रश्न बाहेर जाऊ देतो आणि त्याचं उत्तर आत येऊ देतो, तेच तर त्याचं काम.

साहेबांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पॅच मोडतात. ८ जुलै २००८ च्या विंडोज पॅचनंतर झोनअलार्म हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या असंख्य लोकांचं इंटरनेट बंद पडलं. बाइंडचा पहिला पॅच फार भार असलेल्या सर्व्हरवर मंदावत होता, ऑगस्टमध्ये सुधारित आला. क्लोजिंगच्या रात्री नावं सुटायची बंद झाली तर तुमची काय अवस्था होईल ते मी जाणतो. म्हणून तर तुमच्याकडे दोन सर्व्हर आहेत. दोन्ही एका रात्री करू नका. आमची चूक ती होती.

दुसरा सर्व्हर आधी घ्या. कॉन्फिगरेशनची प्रत बाजूला ठेवा, क्वेरी-सोर्सची ओळ शोधा, पोर्ट बांधलेला असेल तर आधी फायरवॉलचा नियम बघा आणि मगच ती काढा. पॅकेज बदलल्यावर सेवा खरंच पुन्हा सुरू झाली का ते प्रोसेसच्या सुरू झाल्याच्या वेळेवरून तपासा; डिस्कवर नवी फाइल आणि मेमरीत जुनाच प्रोग्रॅम, हे मी अगदी अलीकडेही पाहिलंय. मग फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूने पोर्ट पाहा. पन्नास-शंभर प्रश्न पुरेत, विखुरलेले आहेत की ओळीने हे डोळ्यांनाच कळतं. तुमचा सर्व्हर स्वतः चौकशी न करता सेवादाराच्या रिझॉल्व्हरकडे सगळं पुढे ढकलत असेल, तर हीच तपासणी त्यांना लेखी विचारा, कारण मग खोट तिकडची असली तरी फटका तुम्हालाच. चार दिवस हा सर्व्हर चालू द्या, शांतपणे लॉग बघा, मग पहिल्याला हात लावा. आणि क्लोजिंगच्या आदल्या आठवड्यात नवीन गंभीर सूचना आलीच, तर उत्पादकाने तात्पुरता उपाय दिलाय का ते पाहा. सिगरेडच्या वेळी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) एक मर्यादा घालून, टीसीपी या दुसऱ्या, जोडणी करून पाठवायच्या पद्धतीवरचा संदेश ६५,२८० बाइटपुढे नाकारून, फक्त डीएनएस सेवा पुन्हा सुरू केली की पूर्ण सर्व्हर बंद न करता वेळ मिळत होता. असा उपाय केला तर तो काढायची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा, नाहीतर तो आमच्या त्या ओळीसारखा पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो.

एक जागा बहुतेक बँकांच्या यादीत नसते, ती म्हणजे शाखांमधले राऊटर. केबलवाल्याने बसवलेला डबा बऱ्याचदा शाखेतल्या संगणकांना स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून देतो, आणि आत बहुतेक वेळा डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्रॅम चालत असतो. जानेवारी २०२१ मध्ये त्यात ‘डीएनस्पूक’ नावाने सात चुका एकदम जाहीर झाल्या, त्यांत कॅशेत खोटी उत्तरं घुसवणाऱ्याही होत्या. मुख्य कचेरीतले दोन्ही सर्व्हर कितीही चोख ठेवले तरी ती शाखा त्यांना विचारतच नसेल. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’वर यायला लावलं ते नाव बघून लोकांना खात्री पटावी म्हणून, त्या नावाचं उत्तर शाखेतल्या डब्याकडून येत असेल तर तो डबा कधी अपडेट झाला हे आपल्याला माहीत हवं.

उद्या सकाळी एका शाखेत फोन करा आणि तिथल्या संगणकावर डीएनएस सर्व्हर म्हणून कोणता पत्ता दिसतो ते विचारा. १९२.१६८ ने सुरू होणारा, राऊटरचाच निघाला, तर मला कळवा. राऊटरचं मॉडेल आणि फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) तारीखही पाठवा, पुढचं तिथून बघू.